रोसाच्या मुलांची जबाबदारी मी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही १८ वर्षांपासून सॅन होजेमध्ये राहतो. ग्रीन कार्डासाठी आम्ही १४ वर्षे थांबलो. माझी मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, रोसा (नाव बदलले आहे) तिला सांभाळते. रोसा मूळची मेक्सिकोतील मिचोआकान राज्याची. २००५ मध्ये ती सीमा ओलांडून आली आणि तिच्याजवळ कागदपत्रे नाहीत. तिचा नवरा छपरांची कामे करत असे. रोजंदारीचे मजूर जिथे उभे राहतात अशा एका दुकानाच्या आवारातून त्याला वसंतात पकडले आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन सीमेपलीकडच्या तिहुआनाहून आला. त्यांची दोन्ही मुले इथेच जन्मलेली आहेत : मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा. मुलाला ‘बाबा कामासाठी गेले आहेत’ असे सांगितले आहे. मुलीला सगळे माहीत आहे. ती पलंगाखाली भरलेली पिशवी ठेवून झोपते आणि ‘मी २१ वर्षांची झाले की आईचे कागद करीन’ असे म्हणते. गेल्या आठवड्यात रोसाने माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि तिला पकडले तर मुलांना मी सांभाळीन का, असे विचारले. माझे यजमान म्हणतात, ‘आपण रांगेत उभे राहिलो, त्यांनी रांग मोडली. आता त्यांच्यापायी आपले ग्रीन कार्ड धोक्यात घालू नकोस.’ मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोडताही येत नाही, आणि याचीच मला लाज वाटते. मी काय करावे?
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

रोसाने तुमच्याकडे काय मागितले आहे, ते आधी तिच्या बाजूने पाहू. मेक्सिकोत मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील ज्या बाईला धर्ममाता म्हणून निवडतात तिला ‘माद्रिना’ म्हणतात, आणि त्या दिवसापासून मुलाची आई व ती बाई एकमेकींच्या ‘कोमाद्रे’ होतात. हे नाते मुलापुरते नसते. ते दोन घरांमध्ये जोडले जाते आणि अडीअडचणीला रक्ताच्या नात्याइतकेच धरले जाते. रोसाने तो शब्द वापरला नसेलही, पण नऊ वर्षे तुमचे मूल सांभाळल्यानंतर ती आपली मुले तुमच्या ओटीत घालते आहे. तिच्या नात्यातली जी माणसे इथे असतील त्यांच्यापैकी कुणाकडे कागदपत्रे नसण्याचा संभव मोठा आहे, आणि उद्या स्वतःच पकडली जाईल अशा बहिणीकडे मुले सोपवण्यात अर्थ नसतो, हे तिला कळते. म्हणून माझे मत सांगते : होकार द्या, मात्र जेवढे निभावता येईल तेवढ्याचाच द्या, आणि ते ‘तेवढे’ किती हे तिला याच आठवड्यात सांगा. दोन रात्री, दोन महिने की मुले सज्ञान होईपर्यंत, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी तुमच्याने होणार नसेल तर पहिल्या दोन नक्की होतील असे स्पष्ट सांगितल्याने रोसाचे काहीही बिघडत नाही. संकोचापोटी दिलेल्या मोघम होकाराने मात्र सगळेच बिघडेल.

आता तुमच्या यजमानांच्या रांगेविषयी. त्यांचा राग मला परका वाटत नाही. १४ वर्षे दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (ग्रीन कार्डाचा नंबर कुठवर आला हे सांगणारे सरकारी पत्रक) उघडून तारीख किती पुढे सरकली हे पाहिलेल्या, नोकरी बदलण्याआधी दहादा विचार केलेल्या आणि आईच्या आजारपणात भारतात जावे की न जावे याचा हिशेब मांडावा लागलेल्या माणसाचा तो राग आहे. पण ती रांग त्यांच्यासाठी होती. रोसासाठी कोणती होती? अकुशल कामासाठी कायम वास्तव्याचे जे व्हिसा आहेत, त्यांची कायद्याने ठरलेली मर्यादा साऱ्या जगाला मिळून वर्षाला १०,००० आहे. शेतीच्या हंगामी व्हिसावर येता येते, पण तो ग्रीन कार्डाकडे नेत नाही. नागरिक असलेल्या भावाने किंवा बहिणीने अर्ज केला, तर मेक्सिकन अर्जदाराला वीस वर्षांहून अधिक थांबावे लागते, आणि तेही असा भाऊ किंवा बहीण असेल तर. एका देशाला एकूण व्हिसांच्या सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत या ज्या नियमाने तुम्हाला १४ वर्षे ताटकळत ठेवले, तोच नियम मेक्सिकन कुटुंबांनाही लागू आहे. ज्याला रांगेच्या टोकाशी उभे राहण्याचीही मुभा नाही त्याने रांग मोडली असे म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

शिवाय ही ये-जा मुळात बेकायदा नव्हती, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसे कमी पडली तेव्हा अमेरिकेनेच मेक्सिकोशी करार करून मजूर बोलावले. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली सुमारे ४६ लाख करार झाले. पुरुष हंगामाला येत आणि हंगाम संपला की बायकामुलांकडे परत जात. योजना बंद झाली, त्यानंतर पश्चिम गोलार्धातील देशांवर प्रथमच संख्येची मर्यादा आली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २०,००० व्हिसा उरले. शेते तीच राहिली, मजूरही तेच राहिले आणि गावाकडचे रस्तेही बदलले नाहीत. फक्त येण्याला नाव नवे मिळाले. पुढे १९९४ पासून सॅन दिएगोजवळ कुंपण आणि पहारा वाढला, तेव्हा जाऊन पुन्हा येणे इतके महाग आणि जिवावरचे झाले, की पुरुषांनी परत जाणेच सोडले आणि बायकामुलांना इकडे आणले. माणसे बाहेर राहावीत म्हणून उभारलेल्या कुंपणाने आत आलेल्यांना आत कोंडले. रोसासारख्या कुटुंबांच्या घडणीत या गोष्टीचा मोठा वाटा आहे. यजमानांशी वाद घालण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. पण ते शांतपणे ऐकून घेतील अशा एखाद्या संध्याकाळी हे त्यांना जरूर सांगा.

त्या १२ वर्षांच्या मुलीच्या एका वाक्याने मला सर्वांत अस्वस्थ केले. ‘२१ वर्षांची झाले की आईचे कागद करीन’ हे वाक्य या घरांमधून मुले जवळजवळ जप करावा तसे बोलतात. मध्य कॅलिफोर्नियातील शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मी ते इतक्यांदा ऐकले आहे, की त्यामागचा कायदा मला मुद्दाम समजून घ्यावा लागला. नागरिक असलेले मूल २१ वर्षांचे झाल्यावर आईसाठी अर्ज करू शकते, हे खरे आहे. पण जी आई तपासणीशिवाय सीमा ओलांडून आली, तिला साधारणपणे हे काम देशात राहून पुरे करता येत नाही. मुलाखतीसाठी तिला मेक्सिकोतील सिउदाद हुआरेसच्या अमेरिकन वकिलातीत जावे लागते. १९९६ च्या कायद्यानुसार, एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहिलेली व्यक्ती देशाबाहेर पडताच तिच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू होते. या बंदीतून सूट मागता येते, पण त्यासाठी अर्जदाराच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे वा आईवडिलांचे हाल विचारात घेतले जातात. मुलांच्या हालांचा तिथे विचार होत नाही. म्हणजे या मुलीची नऊ वर्षे, आणि त्यानंतर आईची दहा. हे सगळे तिला आज सांगू नका. मात्र तिच्या खांद्यावरचा तो भार उतरवा. ‘आईचे कागद हे मोठ्या माणसांचे आणि वकिलांचे काम आहे, तुझे नाही’ असे तिला आईने आणि तुम्ही दोघींनी सांगायला हवे, आणि ते एकदाच सांगून भागणार नाही.

कागदांकडे वळते. मी वकील नाही; म्हणून पुढचे सारे वकिलाला दाखवूनच करा. रोसाने तुमच्यासमोर ठेवलेला कागद बहुधा कॅलिफोर्नियाचे काळजीवाहकाचे प्रतिज्ञापत्र असावे. त्यावर आईवडिलांची सही किंवा न्यायालयाचा हुकूम लागत नाही, मूल सांभाळणारी व्यक्तीच सही करते. पण ‘हे मूल माझ्या घरी राहते’ असे त्यात शपथेवर लिहायचे असते, म्हणून मुले प्रत्यक्ष तुमच्याकडे येईपर्यंत त्यावर सही करू नका, भरून तयार ठेवा. तुम्ही नातेवाईक नसल्यामुळे त्या कागदाने तुम्हाला मुलांना शाळेत घालता येईल आणि शाळेसाठी लागणाऱ्या औषधोपचाराला संमती देता येईल, त्यापलीकडे नाही. म्हणून रोसाने आजच एक वेगळे संमतिपत्र लिहून ठेवावे : मुले तुमच्या ताब्यात असताना त्यांच्या सर्व वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार ती तुम्हाला देत आहे, असे. तिहुआनातल्या वडिलांनीही तसेच पत्र लिहून दिले तर उत्तम. लांबचा विचार करायचा असेल, तर आईवडील लेखी नामनिर्देशन करून ठेवू शकतात आणि गरज पडल्यास न्यायालय त्यावरून कायदेशीर पालक नेमते. त्याने आईचा हक्क कायमचा संपत नाही, हे रोसाला नीट समजावून सांगा, कारण या एका भीतीपोटी अनेक आया त्या कागदाला हात लावत नाहीत. आणि या सर्वांच्या आधी, उद्या सकाळीच, शाळेतील आपत्कालीन संपर्क कार्डावर तुमचे नाव घाला. आईवडील पकडले गेले तर शाळेने प्रथम त्या कार्डावरील सूचनांप्रमाणे मुलाची व्यवस्था पाहावी, बालकल्याण खात्याला लगेच बोलावू नये, अशी कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याची शिफारस आहे. कार्डावर नाव नसेल तर शाळेचाही नाइलाज होतो.

तुमच्या ग्रीन कार्डाविषयी. ही दोन्ही मुले अमेरिकेची नागरिक आहेत. नागरिक असलेल्या मुलांना घरी ठेवणे, जेवू घालणे, शाळेत पोहोचवणे यात गुन्हा नाही. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. कामाचा परवाना नाही हे ठाऊक असून एखाद्याला नोकरीवर ठेवणे १९८६ पासून कायद्याविरुद्ध आहे, आणि नऊ वर्षे रोसा तुमच्याकडे काम करते आहे. तुमची खरी कायदेशीर अडचण असेल तर ती या बाजूने आहे, मुलांच्या बाजूने नाही; आणि ती तिच्या मुलांना नाही म्हटल्याने सुटणारी नाही. त्यासाठी स्वतःचा वेगळा वकील गाठा आणि त्याला काहीही न लपवता सगळे सांगा. घाबरून रोसाला कामावरून काढणे हा मार्ग मला मान्य नाही. तिच्या मजुरीचा एक डॉलरही थकीत असेल तर तो आधी द्या. परवाना नसला तरी केलेल्या कामाच्या मजुरीवर तिचा हक्क आहे.

आता त्या ७ वर्षांच्या मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न. या प्रश्नावर मी ठाम आहे : त्याला खरे सांगावे. मोठी माणसे ‘बाबा कामाला गेले आहेत’ असे म्हणतात तेव्हा त्यांना वाटते की आपण मुलाला दुःखापासून वाचवत आहोत. पण घरात आई रडते, बहीण दचकून जागी होते, दारावरची घंटा वाजली की सगळे गप्प होतात, हे सात वर्षांचे मूल पाहतच असते. त्याला अर्थ कुणी सांगितला नाही तर ते स्वतःच अर्थ लावते, आणि या वयाची मुले बहुतेक वेळा दोष स्वतःकडे घेतात. माझ्याकडे पाठवलेल्या एका मुलाने कित्येक आठवड्यांनी मला सांगितले होते, की त्याने गणिताचा गृहपाठ लपवला म्हणून बाबा घर सोडून गेले. त्याच्या आईलाही हे ऐकून धक्का बसला होता. कामाला गेलेला बाप दिवाळी-नाताळाला येतो, वाढदिवसाला येतो. तो आला नाही की मुलाला दोनच गोष्टी वाटू शकतात : एकतर त्याला यायचे नाही किंवा तो मेला.

खरे सांगायला चार वाक्ये पुरतात. बाबांचा जन्म दुसऱ्या देशातला. इथे राहायला जे कागद लागतात ते त्यांना मिळाले नाहीत. सरकारने त्यांना मेक्सिकोला पाठवले आहे. ते सुखरूप आहेत आणि रोज फोन करणार आहेत. त्यानंतर, ‘यात तुझी काही चूक नाही.’ बाबा कधी येतील असे तो विचारील, आणि ‘लवकरच’ असे म्हणण्याचा मोह होईल, तो आवरा. ‘ते आम्हालाही माहीत नाही, कळले की तुला आधी सांगू’ हे उत्तर मूल सहन करू शकते. हे रोसाने स्वतः, स्पॅनिशमध्ये, आपल्या शब्दांत सांगावे. तुम्ही फक्त घरात असा. आणि बहिणीला त्या खोलीत बसवा, म्हणजे भावापासून लपवण्याचे काम तिच्याकडून निघून जाईल.

तिच्या पलंगाखालची पिशवी काढून घेऊ नका. तिच्या मनात एकच प्रश्न आहे आणि तो व्यवहाराचा आहे : शाळा सुटल्यावर घरी आई नसेल तर मी भावाला घेऊन कुठे जायचे? या प्रश्नाचे उत्तर आजवर तिला कुणी दिले नाही, म्हणून तिने पिशवी भरली. तिला पत्ता द्या, तुमचा फोन नंबर पाठ करून घ्या, शाळेतून तुमच्या घरापर्यंतची वाट एकदा तिच्याबरोबर चाला, घरातली कोणती खोली त्या दोघांची असेल ते दाखवा आणि पिशवी हवी तर तिथे ठेवू द्या. जानेवारी २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळांना संरक्षण देणारी केंद्र सरकारची जुनी सूचना रद्द झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये दुकानांच्या आवारांतून आणि मोटारी धुण्याच्या केंद्रांवरून माणसे उचलली गेली. ‘ला मिग्रा’, म्हणजे इमिग्रेशनचे पोलीस, कुठे आली याच्या बातम्या मुलांच्या फोनवर मोठ्यांच्या आधी पोहोचतात. ‘घाबरू नकोस’ असे तिला म्हणू नका, कारण तिची भीती खरी आहे. शाळेत मात्र तिने गेलेच पाहिजे. कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. टेक्सासमधील टायलर गावच्या ज्या मेक्सिकन आईवडिलांनी तो खटला लढवला, ते १९७७ च्या सुनावणीला पहाटे आले होते, आणि न्यायालयातूनच हाकलले जाऊ या भीतीने घरचे सामान मोटारीत भरून आले होते. ही गोष्ट त्या मुलीला सांगा. भरलेली पिशवी जवळ ठेवून शाळेचा हट्ट धरणारी ती पहिली नाही.

रोसाच्या स्वतःच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या आहेत. ‘नोतारिओ’ अशी पाटी लावलेल्या माणसाकडे तिला जाऊ देऊ नका. मेक्सिकोत ‘नोतारिओ पुब्लिको’ हा मोठ्या अधिकाराचा कायदेपंडित असतो, इथला नोटरी सहीची खातरजमा करतो एवढेच. या शब्दाच्या घोळात असंख्य कुटुंबांनी पैसे घालवले आहेत आणि चुकीचे अर्ज करून स्वतःचीच माहिती सरकारला दिली आहे. वकील किंवा सरकारमान्य प्रतिनिधीच हवा, आणि तो आत्ताच गाठायला हवा, कारण इमिग्रेशन न्यायालयात सरकार फुकट वकील देत नाही. दहा वर्षे सलग राहिलेल्या आणि नागरिक मुलांना असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करू शकणाऱ्या आईला न्यायाधीश हद्दपारी रद्द करून देऊ शकतो. अशा मंजुरी वर्षाला ४,००० च मिळतात, पण पकडल्यावर घाईने परत जाण्याच्या कागदावर सही केली की ती शक्यताही जाते. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय सही नाही, हे तिने मनावर कोरून ठेवावे. दुसरे असे, की तिने दोन्ही मुलांचा जन्म मेक्सिकन वकिलातीत नोंदवून घ्यावा. मेक्सिकन आईबापांची परदेशी जन्मलेली मुले तिकडच्या राज्यघटनेनुसार जन्मतः मेक्सिकन असतात आणि दोन्ही नागरिकत्वे ठेवू शकतात. उद्या कुटुंबाने एकत्र मेक्सिकोला जायचे ठरवले, तर शाळेत नाव घालताना आणि दवाखान्यात हा दाखला उपयोगी पडतो. अमेरिकेत जन्मलेली अशी लाखो मुले आज मेक्सिकोत राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांना स्पॅनिश बोलता येते पण लिहिता येत नाही, आणि ती स्वतःविषयी ‘नी दे आकी, नी दे आया’ म्हणतात, म्हणजे ना इथली ना तिथली. या मुलीला आत्तापासून आईने स्पॅनिश वाचायला शिकवावे.

राहिले वडील. विरहाला कंटाळून ते पुन्हा चोरून सीमा ओलांडण्याचा विचार करत असतील तर त्यांना कुणीतरी लगेच थांबवा : हद्दपारीनंतर असे परतणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि त्याने पुढची दारे कायमची बंद होऊ शकतात. तिहुआनाच्या समुद्रकिनाऱ्यावर कुंपणाला लागून एक मैत्री-उद्यान आहे, तिथे वर्षानुवर्षे कुटुंबे दोन्ही बाजूंना उभी राहून जाळीतून करंगळीचे टोक करंगळीला लावत असत. अमेरिकेच्या बाजूने ते २०२० पासून लोकांना बंद आहे. पण या मुलांना कुंपणाची गरज नाही. ती नागरिक आहेत, पासपोर्ट काढून तिकडे जाऊ शकतात आणि परत येऊ शकतात. त्यांची आई जाऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता. अमेरिकन ग्रीन कार्डधारकाला थोड्या दिवसांच्या भेटीसाठी मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. सोळा वर्षांखालील मुलांच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. वडिलांना त्या संमतीच्या कागदावर तिहुआनातील अमेरिकन वकिलातीत सही करता येईल, तेव्हा त्यांना आधी वेळ घ्यायला सांगा. तुमच्या वकिलाला विचारून, आईवडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र आणि मुलांचे जन्मदाखले बरोबर घेऊन, एखाद्या शनिवारी सकाळच्या विमानाने सॅन दिएगोला जा आणि सान इसिद्रोच्या नाक्यावरून पायी पलीकडे जा. परतीची रांग काही तासांची असते, मुलांसाठी पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. आणि यजमानांना विचारा, ते येतील का.